साळिंदर आणि मोकळी जागा

नदीच्या वळणावर एक दाट रान होते आणि त्या रानात एक हौशी साळिंदर राहत होते. बालमित्रांनो, रानातल्या संगणकाची देखभाल या साळिंदराकडे होती. वरच्या धरणातून पाणी सुटले, की तो संगणक भोंगा वाजवून काठावरच्या सगळ्यांना सावध करी. तो बसवून दिला होता एका म्हाताऱ्या घोरपडीने. जाताना तिने साळिंदराला डिस्कचा एक भाग वेगळा काढून रिकामा ठेवायला सांगितले. "संगणक कधीतरी अचानक कोलमडेल," ती म्हणाली. "त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे असेल, ते सगळं तो या भागात उतरवून ठेवेल. ते वाचलं, की तो का कोलमडला हे मला कळेल. म्हणून इथे दुसरं काही ठेवू नकोस."

साळिंदराने मेमरी पूर्ण मावेल एवढा भाग वेगळा काढला. पण महिने गेले, तरी संगणक एकदाही अडला नाही. साळिंदराला पाखरांची गाणी साठवायचा नाद होता. बुलबुल झाला, दयाळ झाला, तांबटाची टुकटुकही झाली आणि हाताशी असलेली जागा संपत आली. एवढा मोठा भाग नुसता पडून आहे, हे त्याला पाहवेना. एका सकाळी त्याने थोडी गाणी तिथे ठेवली. आठवडाभरात तो भाग काठोकाठ भरला.

चैत्रातल्या एका दुपारी संगणक एकाएकी कोलमडला. पुन्हा सुरू केल्यावर तो नीट चालू लागला, म्हणून साळिंदर निर्धास्त झाले. घोरपडीला कळले तशी ती आली आणि तिने तो राखीव भाग उघडून पाहिला. गाण्यांखेरीज तिथे काही नव्हते. मेमरी उतरवायला संगणकाला जागाच मिळाली नव्हती. कारण कळल्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची, एवढेच ती म्हणाली. साळिंदर खजील झाले. त्याच दिवशी त्याने मन घट्ट करून सगळी गाणी पुसली आणि तो भाग मोकळा केला.

पंधरा दिवसांनी धरणाचे पाणी सुटले आणि नेमका तेव्हाच संगणक पुन्हा कोलमडला. भोंगा वाजलाच नाही. ससे पाण्याचा आवाज ऐकून कसेबसे वर पळाले. पण टिटवीची चार पिल्ले वाळूवर होती, नुकती चालू लागलेली. दरड चढायला त्यांना थोडा वेळ हवा होता. तो त्यांना मिळाला नाही.

या खेपेला मेमरी पुरती उतरली होती. घोरपडीने ती वाचली. पाण्याच्या दोन मोजपट्ट्यांचे आकडे एकाच क्षणी आले, की संगणक गोंधळून बंद पडत होता. तिने तो दोष लगेच काढून टाकला.

साळिंदर मान खाली घालून टिटवीकडे गेले. "पहिल्या वेळीच हे कळलं असतं," ते म्हणाले. "ती जागा मी भरून टाकली होती."

टिटवीने विचारले, "दुरुस्तीला किती वेळ लागला?"

"एक तास."

टिटवी ओल्या वाळूकडे पाहत राहिली, आणि साळिंदरही तिथून हलले नाही.

तात्पर्य : संकटाचे कारण जपण्यासाठी राखलेली जागा रिकामी दिसली, तरी वाया गेलेली नसते. ती आधीपासून मोकळी हवी. मागाहून मोकळी केली, तर पुढच्यांचे भले होते, गेलेले परत येत नाहीत.