खवले मांजराची तीन पावले

बाळांनो, ज्या जंगलाची ही गोष्ट आहे, तिथे एक कोल्हा राहत असे. कोल्हा म्हटला की तो हुशार, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण हा नुसता हुशार नव्हता, तो प्राध्यापक होता. टेकडीवरच्या जांभळीखाली एक कॉलेज भरे आणि तिथे तो युक्ती हा विषय शिकवी. शिकवता शिकवता आपण किती हुशार आहोत हेही तो दिवसातून तीन-चार वेळा सांगे. विद्यार्थी बिचारे माना डोलावत, कारण पेपर तोच तपासत असे.

टेकडीच्या पायथ्याशी एक डोह होता आणि डोहापलीकडे दलदल. दलदलीतही एक कॉलेज होते. तिथे गवे, रानरेडे आणि रानडुकरे शिकत. काय शिकत ते कोणालाच नक्की माहीत नव्हते, पण अंगाने एकेक जण असा, की समोर उभा राहिला तर मागचे झाड दिसू नये. उन्हाळ्यात पाणी उरे ते या एका डोहातच. म्हणून दर वर्षी दोन्ही कॉलेजांमध्ये भोपळ्याचा सामना होई आणि जिंकेल त्या बाजूने वर्षभर सकाळी आधी पाणी प्यायचे, असा रिवाज होता. बरोबरी झाली, तर गेल्या वर्षीची व्यवस्था तशीच पुढे. गेली सात वर्षे बरोबरीच होत होती आणि सात वर्षे दलदलवाले आधी पाणी पीत होते. पीत होते म्हणजे काय, आत शिरून लोळत होते! नंतर जे उरे त्याला पाणी म्हणायला जीभ धजत नसे. हरिणांची पाडसे ते दातांनी गाळून पीत आणि दिवसभर खोकत. कोल्ह्याला आणखी एक दुःख होते. सात वर्षांत त्याला पाण्यात स्वतःचे तोंड दिसले नव्हते.

खेळ तसा सोपा होता. नारळाएवढा वाळका भोपळा घेऊन समोरच्यांच्या रेघेपलीकडे जायचे, की सामना जिंकला. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे भोपळा, त्यांना चार खेपा मिळत. चार खेपांत मिळून दहा पावले पुढे सरकले, तर आणखी चार खेपा. नाही सरकले, तर भोपळा समोरच्यांना. भोपळा एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायला मुभा होती. भोपळेवाला आडवा पडला किंवा जागीच थांबला की खेप संपली, आणि पुढची खेप तिथूनच सुरू. पावले कोणाची मोजायची यावर पूर्वी तीन वर्षे भांडण झाले होते. शेवटी करकोच्याची धरायचे ठरले. पंच होती टिटवी, कारण तिचा आवाज ऐकू आला नाही असे कोणालाच म्हणता येत नसे.

दलदलवाले मंद होते, त्यांना भोपळा पुढे नेता येत नसे. पण ते अडवायला उभे राहिले की भिंत. त्या भिंतीवर सात वर्षे टेकडीवाल्यांची डोकी आपटत होती. या वर्षी कोल्ह्याने भर कॉलेजात सगळ्यांसमोर सांगितले, "पाडसांना स्वच्छ पाणी पाजले नाही, तर मी शिकवणे सोडून देईन!" आता शब्द तोंडातून निघाला होता.

मग तो कामाला लागला. त्याने सागाच्या पानांवर एकेचाळीस डाव काढले. एकाचे नाव 'उलटा भोवरा', एकाचे 'सातपदरी हुलकावणी', एकाचे 'दोन खरे, चार खोटे'. डावांत इतके बाण आणि इतक्या रेघा होत्या, की एका पानावर मुंगी चढली ती दुपारपर्यंत उतरली नाही. संघात ससा होता, माकड होते, चपळ अशी हरणे होती. दहा जण झाले. अकरावा कोणी मिळेना, तेव्हा वर्गात मागे झोपलेल्या खवले मांजराला उठवून उभे केले.

हे खवले मांजर युक्ती विषयात तीन वेळा नापास झाले होते. कोल्ह्याचा प्रश्न असे, "समोरून वाघ आल्यास काय कराल? निदान पाच युक्त्या सविस्तर लिहा." खवले मांजर दर वर्षी एवढेच लिही, "गोळा होईन." कोल्ह्याने तिन्ही वेळा लाल मातीने मोठ्ठे शून्य दिले होते.

सामन्याच्या दिवशी सारे जंगल लोटले. दर खेपेआधी टेकडीवाले कोल्ह्याभोवती गोल करून उभे राहत आणि कोल्हा पान उघडून डाव समजावून सांगे. पहिल्या डावात ससा उजवीकडे पळाला, पण भोपळा डावीकडे गेला. दुसऱ्या डावात दोन हरणे एकमेकांवर आपटली. तिसऱ्यात माकडाने भोपळा इतक्या बेमालूम लपवला, की आपल्याच संघाला तो सापडेना. चौथ्या खेपेला सगळे काही पानावर होते तसे झाले, फक्त शेवटच्या बाणाच्या टोकाशी गवा उभा होता. हे पानावर नव्हते.

गवा हा दलदलवाल्यांचा म्होरक्या. तो शेपटी हलवत म्हणाला, "कोल्हेसर, आणखी दाखवा. आमची मुलं खूश आहेत."

मधली सुट्टी जवळ आली तशी कोल्ह्याने 'उलटा भोवरा' काढला. दहा जण दहा दिशांना भोवऱ्यासारखे फिरत सुटले. फिरता फिरता माकडाला घेरी आली आणि त्याने भोपळा जो जवळ होता त्याच्या हातात ठेवला. जवळ होते खवले मांजर, कारण ते जागचे हललेच नव्हते. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि ते सरळ चालू लागले. एक पाऊल गेले, दोन गेले, गव्याच्या पोटाखालून तिसरे गेले. तेवढ्यात तीन रानडुकरे अंगावर आली. खवले मांजराने आयुष्यभर जे केले तेच केले. भोपळा पोटाशी धरला आणि ते गोळा झाले.

डुकरांनी मुसंड्या मारल्या आणि ती नाक चोळत मागे सरकली. रेड्यांनी लोटून पाहिले, गव्याने हुंगून पाहिले. गोळा सुटेना. टिटवी ओरडली, "खेप संपली! तीन पावलं!"

"तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?" कोल्हा सुट्टीत खवले मांजरावर कडाडला. "माझा डाव पार विस्कटलास!"

"सर, मला एवढंच येतं," खवले मांजर म्हणाले आणि त्याने जांभई दिली.

ससा बाजूला बसून बोटे मोजत होता. तो हळूच म्हणाला, "सर, तीन चोक बारा."

"मग? पाढे पाठ आहेत म्हणून शाबासकी देऊ का तुला?"

"तसं नाही सर. चार खेपांत दहाच पावलं लागतात."

कोल्ह्याने आपल्या एकेचाळीस पानांकडे पाहिले, मग डुलक्या काढणाऱ्या त्या खवल्यांच्या गाठोड्याकडे पाहिले. बाळांनो, फार वाईट वाटले हो त्याला. वर्षभर डोके शिणवून जे सापडले नाही, ते तिसरीच्या पाढ्यात निघाले! त्यातही नापास विद्यार्थ्याच्या हातून. क्षणभर त्याला वाटले, हरलो तरी चालेल पण असे जिंकणे नको. इतक्यात मैदानाच्या कडेला एक पाडस खोकले. मग दुसरे खोकले. कोल्ह्याने मान खाली घातली आणि तो म्हणाला, "ठीक आहे. भोपळा ह्याला द्या."

सुट्टीनंतर भोपळा टेकडीवाल्यांकडे आला तेव्हा समोरची रेघ त्र्याण्णव पावलांवर होती. माकड खवले मांजरावर वाकून भोपळा त्याला देई, ते तीन पावले चाले, गोळा होई, टिटवी ओरडे. पुन्हा तेच. दलदलवाल्यांना वाटे, या बावळटपणाच्या आड कोल्ह्याचा काहीतरी जबरदस्त डाव शिजतो आहे. म्हणून ते मैदानभर पांगून, डोळे ताणून हरणांवर आणि सशावर नजर ठेवून उभे राहत, आणि मधोमध खवले मांजर तीन पावले पुढे सरके. चार खेपांत बारा पावले, आठांत चोवीस.

बघ्यांना कंटाळा आला. कोणी पाठ खाजवू लागले, कोणी घरची कामे आठवू लागले. झाडावरून वानरे ओरडली, "कोल्हेसर, अक्कल संपली का? काहीतरी करा की!" कोल्ह्याच्या पंजाला खाज सुटली. 'सातपदरी हुलकावणी' त्याला नुसती बोलवत होती. शेवटी त्याने सगळी पाने बुडाखाली घेतली आणि तो त्यांच्यावर घट्ट बसून राहिला. त्या दिवशी त्याने केलेले सर्वांत अवघड काम तेच होते.

अठ्ठावीस खेपा झाल्या. रेघ नऊ पावलांवर आली आणि दलदलवाल्यांची झोप उडाली. गवा गरजला, "डावबीव काही नाही! हेच आणणार, इथूनच आणणार! सगळे मध्ये या!" अकराच्या अकरा जण रेघेसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पहिल्या खेपेला खवले मांजर एकच पाऊल सरकले. दुसऱ्या खेपेला आणखी एक. तिसऱ्या खेपेला तसूभरही नाही. आता सात पावले राहिली होती, खेप एकच होती आणि सूर्य डोंगराला टेकला होता. सूर्य बुडाला की सामना संपणार, बरोबरी होणार आणि पाडसे आणखी एक वर्ष खोकणार.

सगळे गोल करून उभे राहिले. कोल्ह्याने पान काढले नाही. त्याने मान वळवून दलदलवाल्यांकडे पाहिले. बावीस डोळे होते आणि बावीसच्या बावीस खवले मांजरावर खिळलेले होते. दिवसभरात पहिल्यांदाच सशाकडे कोणीही पाहत नव्हते.

"तू नेहमीसारखंच कर," कोल्हा खवले मांजराला म्हणाला. "फक्त या वेळी पोटाशी भोपळा नसेल."

खवले मांजराचा चेहरा पडला. "सर, म्हणजे खोटं वागायचं?"

"खोटं कसलं? भोपळा माझ्याकडे आहे असं तू म्हणणार आहेस का? तू फक्त चालायचं आणि गोळा व्हायचं."

"ते जमेल," खवले मांजर म्हणाले.

"आणि तू," कोल्हा सशाला म्हणाला, "भोपळा पोटाशी धरून कडेकडेने चालत जायचं. पळालास तर सगळे बघतील."

सशाच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, मला चालता येत नाही हो!"

"मग आज शीक."

टिटवी ओरडली. माकड दर खेपेसारखे खवले मांजरावर वाकले आणि त्याच्या पाठीआडून भोपळा सशाकडे गेला. खवले मांजर एक पाऊल चालले आणि अकराही जण त्याच्यावर कोसळले. गव्यावर रेडा, रेड्यावर डुक्कर. "धरा! सोडू नका!" एकच धुरळा उठला. आणि त्या धुरळ्याच्या कडेने ससा चालला होता. कान पाडून, श्वास धरून, एकेक पाय मोजून टाकत. पाचव्या पावलाला त्याचे मागचे पाय आपोआप उडी मारायला लागले, ते त्याने मोठ्या कष्टाने आवरले. सहावे पाऊल. सातवे. रेघ ओलांडून तो खाली बसला आणि हुंदके देऊ लागला.

इकडे ढिगारा उपसला गेला. गवा ओरडला, "पंचबाई, अडवला बघा आम्ही!" आठ जणांनी जोर लावला, तेव्हा कुठे गोळा उलगडला. आत भोपळा नव्हता. आत खवले मांजर गाढ झोपले होते. टिटवीने वर उडून सगळीकडे पाहिले, रेघेपलीकडे रडणारा ससा तिला दिसला आणि ती अशी ओरडली, की डोंगरापलीकडच्या जंगलातही सामन्याचा निकाल कळला. खवले मांजराला हलवून हलवून उठवावे लागले. "जिंकलो? बरं," असे म्हणून ते पुन्हा झोपले.

गवा जड पावलांनी कोल्ह्याजवळ आला. तो मनाने सरळ होता. त्याने विचारले, "सर, चांगलं फसवलंत. हा डाव पोरांना कधी शिकवलात?"

"मी नाही शिकवला," कोल्हा म्हणाला, आणि हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारले. "बत्तीस वेळा त्याच्या पोटाशी खरंच भोपळा होता. म्हणून तेहेतिसाव्या वेळी तुम्ही विश्वास ठेवलात. सकाळी पहिल्याच खेपेला हे केलं असतं, तर तुमच्यातलं एक डुक्करसुद्धा हललं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडसांनी काठावर उभे राहून मान खाली घातली आणि दातांनी न गाळता पाणी प्यायले. एकही खोकले नाही. कोल्ह्यानेही वाकून पाहिले. सात वर्षांनी त्याला आपले तोंड दिसले. कानाजवळ थोडे केस पिकले होते. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग लाल माती घेऊन कॉलेजात गेला. खवले मांजराचे तिन्ही वर्षांचे पेपर त्याने शोधून काढले. "गोळा होईन" या उत्तरापुढची शून्ये पुसली आणि तिन्ही ठिकाणी पूर्ण गुण लिहिले.

तात्पर्य : युक्ती हवी, पण ती शेवटच्या एका खेपेला. त्याआधीच्या साऱ्या खेपा ज्याने इमानाने वाहिल्या, त्याचीच युक्ती फळाला येते.