खोटी बरगडी

डॉक्टर उपळेकर आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनेचे विभागप्रमुख झाले, ते सासरे संस्थेचे अध्यक्ष होते म्हणून. हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडी परीक्षेत मुलांचा पाणउतारा करण्यात मात्र ते स्वतःच पटाईत होते.

सगुणा वाघमोडे समोर बसताच त्यांनी आठवी बरगडी तिच्या पुढ्यात टाकली. "वडील मेंढरांची हाडं बसवतात ना तुझे? मग सांग, हिला खोटी बरगडी का म्हणतात? पाठांतर नको, मेंढपाळालाही कळेल असं उदाहरण दे."

सगुणाची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही.

"सर, खरी बरगडी स्वतःच्या कूर्चेने छातीच्या हाडापर्यंत पोचते. ही वरच्या बरगडीला धरून पोचते. जसा एखादा माणूस स्वतःच्या अकलेने खुर्चीपर्यंत पोचत नाही, सासऱ्यांचं बोट धरून पोचतो."

परगावहून आलेल्या परीक्षक बाईंनी हसू दाबलं. "उत्तर अचूक आहे. तुम्हाला काही चूक वाटते का, डॉक्टर?"

चूक काढायची, तर टोमणा आपल्यालाच लागला हे कबूल करावं लागलं असतं. उपळेकरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि घाम पुसत म्हणाले, "पुढचा."