व्यासपीठामागे टांगलेली कुदळ

विषय : नवीन ख्रिस्ती मंडळी स्थापन करताना राहून गेलेली बाब.
संदर्भ : उद्घाटनाच्या दिवशी वृद्ध पाळकांनी दिलेली भेट.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एकदा एका तालुक्याच्या गावी एका तरुण उपदेशकाने जुन्या मंडळीतून बाहेर पडून नवी मंडळी सुरू केली. मतभेद सिद्धांताचे होते, असे दोन्ही बाजू सांगत. गीते बाजाच्या पेटीवर गावीत की कीबोर्डवर, हा तो सिद्धांत. सलोमीबाई नावाच्या विधवेने आपली पुढची खोली उपासनेसाठी दिली. फलक रंगवला, खुर्च्या आल्या, खोलीच्या मानाने फार मोठे कर्णे आले. उद्घाटनाला उपदेशकाने आपल्या गुरूंना, म्हणजे जुन्या मंडळीच्या निवृत्त पाळकांना बोलावले. त्यांनी भेट म्हणून एक कुदळ दिली.

ती इमारतीच्या पायाभरणीसाठी, असा अर्थ सर्वांनी लावला व टाळ्या वाजवल्या. कुदळीला रिबीन बांधून ती व्यासपीठामागे टांगण्यात आली. वृद्ध पाळकांनी खुलासा केला नाही. टाळ्यांत खुलासा ऐकू जात नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे.

पुढच्या उन्हाळ्यात सलोमीबाई वारल्या. गावातली ख्रिस्ती दफनभूमी जुन्या मंडळीची. तिच्या अध्यक्षांनी प्रथम शोक व्यक्त केला, मग नियम सांगितला : जागा फक्त सभासदांना.

"गाणी तिकडं आणि माती इकडं, असं कसं चालेल?" अध्यक्ष म्हणाले.

दुपार चढत होती. बाईंचा मुलगा उपदेशकाला हळूच म्हणाला, "आई तुमच्यामागं आली. आता तिला कुठं न्यायचं, ते तुम्हीच सांगा."

उपदेशक गुरूंकडे गेला. त्यांनी सगळे ऐकले आणि कुदळ घेऊन यायला सांगितले. मग त्याला दफनभूमीत, आपल्या पत्नीच्या कबरीपाशी नेले. शेजारची रिकामी जागा त्यांच्या नावाने राखलेली होती.

"इथं खण."

"पाळकसाहेब, ही तर तुमची जागा."

"तू निघालास तेव्हा मी अडवलं नाही, लेकरा. पण जो तुझ्या शब्दावर आपल्या माणसांतून उठून येतो, त्याची माती त्याच दिवसापासून तुझ्याकडे लागते. आधी ती जागा बघायची, मग फलक रंगवायचा. कुदळ त्यासाठी होती."

अध्यक्ष आले. राखीव जागा दुसऱ्याला देऊ नये, असे नियमात कुठे नव्हते. त्यांनी दोनदा वाचून पाहिले.

उपदेशक एकटाच खणत होता. थोड्या वेळाने बाईंचा मुलगा फावडे घेऊन खाली उतरला. रिबीन मातीत गेली.

आता वृद्ध पाळक रविवारी पत्नीच्या कबरीवर फुले ठेवतात, तशीच शेजारच्या कबरीवरही ठेवतात.

नव्या मंडळीने दफनभूमीसाठी नगरपरिषदेकडे अर्ज केला आहे. पहिली जागा गुरूंसाठी राखावी, अशी विनंती त्यात आहे. त्यांची प्रकृती हल्ली बरी नसते. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.