आत्याची कुंची

एका राज्यात देणं सोपं होतं आणि घेणं मात्र सावकाशीचं काम होतं. तिथे बाजारातून आणलेली वस्तू कुणी कुणाला भेट देत नसे. ज्याला द्यायचं त्याच्यासाठी आपल्या हातानं काहीतरी करायचं, घरातल्याच फडक्यात नाहीतर झाडाच्या पानात गुंडाळायचं, वर दोऱ्याची गाठ मारायची आणि नेऊन द्यायचं. घेणाऱ्यानं देणाऱ्याला समोर बसवायचं आणि ती गाठ आपल्या बोटांनी सोडायची. सुरी नाही, कात्री नाही, दातही नाहीत. सुटलेला दोरा फेकायचा नाही, जपून ठेवायचा. शहाणी माणसं सुरगाठ मारत, टोक ओढलं की सुटणारी. धांदरट माणसं निरगाठ मारत, आणि मग दोघांना एकमेकांसमोर घटकाभर बसावं लागे. त्या घटकाभरात पुष्कळ रुसवे निघून जात, असंही म्हणतात.

या राज्याचा राजा रत्नशेखर. मनानं वाईट नव्हता, पण भारी घाईचा. जेवायला बसला तरी एक पाय रिकिबीत असल्यासारखा बसे. पुष्कळ वर्षांनी राणी चारुमतीला मुलगी झाली, तेव्हा त्यानं बारशाला सात देशांचे राजे बोलावले. जुना रिवाज विसरून ते राजे रत्नांच्या पेट्या घेऊन आले, आणि रत्नशेखरालाही ते आवडलं.

बारशाला राजाची थोरली बहीण कुमुदाही आली. तिला डोंगरातल्या एका मांत्रिकाला दिली होती. घरी गरिबी होती, पण नवऱ्याची थोडी विद्या तिनं उचलली होती. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून पाळणा तिच्यासाठीच थांबला होता. तिच्या काखेत एक लहानसं गाठोडं होतं. डोंगरवाऱ्यात सुटू नये म्हणून तिनं त्याला घट्ट निरगाठ मारली होती.

राजानं गाठोडं हाती घेतलं, गाठीशी दोनदा नखं लावली. मागे सात राजे ताटकळत उभे होते.

"अक्का, एवढा वेळ कुठून आणू?" असं म्हणून त्यानं कमरेची कट्यार काढली आणि गाठ कापली.

धार गाठीतून आत गेली. आत बाळासाठी शिवलेली कुंची होती, निरनिराळे तुकडे जोडलेली, थंडीवाऱ्यात डोकं आणि पाठ झाकणारी. ती मधोमध फाटली. हसू नये तिथे हसणारा एक तरी माणूस प्रत्येक दरबारात असतोच. तो "चिंध्या!" म्हणून हसला. त्याच्यामागोमाग राजाही हसला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कुमुदा म्हणाली, "ज्या हातांना गाठ सोडायची सबूर नाही, त्या हातांचं देणं कुणाला उघडणार नाही. तुझं लेकरूही तुझ्यापुढे मिटत जाईल."

शब्द तोंडातून निघाले आणि तिचा स्वतःचाच चेहरा पांढराफटक पडला. विद्या कच्ची होती आणि राग पक्का होता. बोललेलं परत घेण्याचा मंत्र तिला येत नव्हता. बाळाचं नाव न ठेवताच ती पाळण्याकडे पाठ करून निघून गेली.

शापानं आपलं काम सुरू केलं. राजाच्या खजिन्यातल्या पेट्या मिटल्या, त्या लोहारांच्या घणांनीही उघडेनात. सात राजांना पाठवलेले परतीचे नजराणेही तसेच बंद राहिले. एका राजानं तर पेटीचा चौरंग करून टाकला. याचं दुःख कुणाला फारसं झालं नाही. पण मुलगी चार वर्षांची झाली त्या सकाळी तिचे डोळे उघडले नाहीत. आठ वर्षांची झाली त्या सकाळी ओठ उघडले नाहीत. पेज तेवढी आत जाई, शब्द बाहेर येत नसे. बारावं वर्ष पुरं होईल त्या दिवशी माथ्यावर ऊन आलं की हाताच्या मुठी मिटतील आणि मुठींबरोबर मनही मिटेल, असं राजज्योतिष्यानं सांगितलं. मग ती असेल, पण कुणाची नसेल. आत्यानं नाव न ठेवल्यामुळे तिला हाक मारायला नावसुद्धा नव्हतं. चारुमती तिला नुसतं "बाळे" म्हणे, आणि मुलगी आवाजाच्या दिशेनं मान वळवी.

त्यानं बहिणीकडे तीनदा माफीचे नजराणे पाठवले. तीनही पेट्या न उघडता परत आल्या. स्वतः मात्र तो एकदाही गेला नाही. सात राजांपुढे उभा राहणारा हा माणूस एका झोपडीपुढे उभं राहायला भीत होता.

बारावं पुरं व्हायला आठ दिवस उरले, तेव्हा राजाच्या खिडकीत एक सुगरण पक्षी येऊन बसला. आपण त्याला सुगरण म्हणतो खरे, पण घरटं विणतो तो नर. हाही नरच होता आणि त्याला त्याचा ताठा होता. तो माणसासारखा बोलला, आणि राजानंही नवल केलं नाही, कारण त्या राज्यात पक्षी बोलत असत.

पक्षी म्हणाला, "राजा, तीन भेटी कर. पहिली डोळ्यांसाठी, दुसरी ओठांसाठी. तिसरी कुणासाठी, ते दोन झाल्यावर सांगेन."

"काय देऊ?"

"जे तुझ्या हातानं होईल ते. विकतचं चालणार नाही. हुकमानं आलेलं चालणार नाही. दुसऱ्याच्या हातचं चालणार नाही. आणि गाठ सुरगाठ मार, पोरीच्या बोटांत आता जोर नाही."

राजानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. त्या हातांनी त्यानं आजवर शिक्का उमटवला होता आणि तलवार चालवली होती, दुसरं काही नाही. लहानपणी गुराख्यांच्या पोरांकडे बघितलेलं भिरभिरं मात्र त्याला आठवलं. तो ताडाखाली गेला, पडलेली झावळी ओढून आणली, पातीच्या पट्ट्या केल्या, बाभळीचा काटा तोडताना चार बोटं रक्ताळून घेतली आणि ज्वारीच्या धाटावर भिरभिरं टोचलं. वाऱ्यावर धरलं, फिरेना. फुंकर घातली, फिरेना. पक्ष्यानं मान तिरकी करून विचारलं, की झावळी भिजवायला पाणी कुणी आणलं. राजा ओशाळला. सवयीनं तो "पाणी आणा" म्हणून गेला होता आणि कुणीतरी घागर आणून ठेवली होती. त्यानं ते भिरभिरं मोडलं. दुसऱ्या दिवशी स्वतः विहिरीवर गेला. राजा रहाट ओढतो आहे हे बघायला अर्धं नगर काठाशी जमलं. घागर दोनदा आत पडली, पण तिसऱ्यांदा वर आली.

नवं भिरभिरं त्यानं पळसाच्या पानांत गुंडाळलं, केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी वळून सुरगाठ मारली आणि मुलीच्या ओंजळीत ठेवलं. मुलीनं पानं चाचपली. दोरीचं टोक सापडलं, तिनं ओढलं. पानं उलगडली आणि तिच्या पापण्या उघडल्या. समोर भिरभिरं फिरत होतं, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. काट्यांनी फुटलेल्या बापाच्या बोटांकडे ती बघत होती. मग तिनं ती बोटं आपल्या गालाला लावली. राजा आयुष्यात पहिल्यांदा लोकांदेखत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

ओठांच्या भेटीसाठी पक्ष्यानं त्याला उकिरड्यावर नेलं. तिथे कडेला आंब्याच्या कोयी उगवल्या होत्या. राजानं एक उपटली, कवच काढलं आणि आतला गर दगडावर घासायला बसला. कोयीची पुंगी करायची तर घासणं नेमकं लागतं. कमी घासलं तर वाजत नाही, जास्त घासलं तर हातात भुगा येतो. पाच कोयींचा भुगा झाला, सहावी वाजली. मग गवताची पिशवी विणायची होती. पक्षी विणून दाखवी, राजा विणे, पक्षी उसवायला लावी. एवढा वाईट विणकर आपण जन्मात बघितला नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. तीन दिवसांनी पिशवी झाली. तिच्या भोकांतून पुंगी दिसत होती, पण ती राजाची होती.

मुलीनं सुरगाठ ओढली, पुंगी ओठांना लावली आणि ओठ विलगले. असा कर्कश आवाज निघाला की वाड्यातली कुत्री भुंकायला लागली. मुलगी हसली. चार वर्षांनी तिच्या तोंडून शब्द आला.

"आबा, हे तुम्ही केलंत?"

"मी केलं."

"तुम्हाला येतं?"

"नव्हतं येत," राजा म्हणाला.

चारुमतीनं लेकीला जवळ घेतलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मुलीची करंगळी आत वळली आहे आणि सरळ होत नाही. दोनच दिवस उरले होते.

राजानं पक्ष्याला विचारलं, की आता हातांसाठी काय करू. पक्षी म्हणाला, "तिसरी भेट तिच्यासाठी नाही. जिची गाठ तू कापलीस तिच्यासाठी आहे. जे फाडलंस ते नीट कर आणि घेऊन जा."

राजाला वाटलं, ती कुंची बारा वर्षांमागे केरात गेली असणार. पण चारुमती उठली, आपल्या पेटीच्या तळातून एक घडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. बारशाच्या दिवशी तिनं ती दरबारातून उचलून आणली होती. शिवायची तिची किती इच्छा होती, पण फाडणारा एक आणि शिवणारा दुसरा, असं तिला करायचं नव्हतं.

राजा सुईत दोरा ओवायला शिकला. टाके घालताना त्यानं प्रथमच ते तुकडे नीट बघितले. हिरवा तुकडा, कडेला मोराची वेल. बोट लावलं आणि बोटानं ओळखलं. लहानपणी ताप आला की हाच पदर डोक्यावर घेऊन तो आईच्या मांडीवर झोपे. जांभळा तुकडा आईच्या सणाच्या लुगड्याचा होता. तांबडा रोजच्या लुगड्याचा. आई गेली तेव्हा दागिने रत्नशेखरानं खजिन्यात ठेवले होते, आणि जुनी लुगडी कुमुदेनं मागून नेली होती. ती लुगडी कापून तिनं भाचीसाठी ही कुंची शिवली होती, आणि आपण हसलो होतो. त्यानं कुंची तोंडाशी धरली. बराच वेळ त्याला टाका घालता येईना.

शिवण झाली तेव्हा शेवटची सकाळ उजाडत होती. राजानं आपल्या वापरातल्या उपरण्यात कुंची गुंडाळली, वर दोरा बांधला, मुलीला पुढ्यात घेतलं आणि घोडा डोंगराकडे काढला. मुलगी वाटभर विचारत होती, हे झाड कसलं, ते पाणी कुठे जातं. चार वर्षं साठलेले प्रश्न होते. राजा उत्तरं देत होता आणि लगामाआडून तिची बोटं मोजत होता. अंगठे सोडून सगळी मिटली होती. खिंडीत वारा इतका उठला की गाठोडं उडून जाईल असं वाटलं. त्यानं त्यावर घट्ट गाठ मारली, वर आणखी एक मारली. आपण निरगाठ मारली हे त्याला पुढे गेल्यावर कळलं. बहिणीनं ती का मारली होती, हेही कळलं.

झोपडीच्या दारात कुमुदा उभी होती. केस पांढरे झाले होते. सुगरण पक्षी उडत जाऊन तिच्या खांद्यावर बसला. त्याला पाठवणारी तीच होती.

"अक्का, तुझ्यासाठी आणलंय," एवढंच राजा म्हणाला.

तिनं त्याला समोर बसवलं आणि गाठ सोडायला घेतली. वरची गाठ सुटली. खालची सुटेना. तिची नखं झिजलेली होती, नजरही अधू झाली होती. ऊन अंगणातून उंबऱ्याकडे सरकत होतं. मुलीचा उजवा अंगठा मिटला. ती बोलायची थांबली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, जसं काही ती तिथे नव्हतीच. राजाचा हात सवयीनं कमरेकडे गेला. कट्यार तिथेच होती.

कुमुदेनं ते बघितलं. तिची बोटं थांबली.

राजानं कट्यार काढली, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली, आणि परत येऊन बहिणीसमोर मांडी घालून बसला.

"सावकाश सोड, अक्का," तो म्हणाला. "मी बसलोय."

कुमुदेच्या डोळ्यांतलं पाणी गाठीवर पडलं. दोरा ओला झाला आणि थोडा सैल झाला. तिनं नख आत घातलं, एक पीळ काढला, दुसरा काढला, आणि गाठ सुटली.

उपरणं उलगडलं. आत कुंची होती, मधोमध वाकड्या टाक्यांची. कुमुदेनं त्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाके वाकडे आहेत, शेखरा."

"माझेच आहेत."

तिनं कुंची उचलून भाचीच्या डोक्यावर घातली. बारा वर्षांच्या मुलीला ती कसली पुरते, कशीबशी कानांपर्यंत आली. तशी मुलीनं मान वळवली, दोन्ही मुठी उघडल्या आणि कुंची घसरू नये म्हणून दहाही बोटांनी धरली. त्याच घटकेला दूर राजवाड्यात पेट्यांची झाकणं धडाधड उघडली, पण ते ऐकायला तिथे कुणी थांबलेलं नव्हतं. सगळे वेशीवर वाट बघत उभे होते.

कुमुदा भाचीच्या कानाशी वाकली. पाळण्यापाशी बारा वर्षांमागे जे राहून गेलं ते तिनं आता केलं. आधी कानात "कुर्रर्र" केलं, मग नाव सांगितलं. मुलीनं ते मनात म्हणून बघितलं आणि मग बापाकडे वळून मोठ्यानं म्हणाली.

"आबा, मी इरावती."

ते राजाच्या आईचं नाव होतं. रत्नशेखरानं डोकं बहिणीच्या पायांवर ठेवलं, आणि तिनं ते उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

परत जाताना कट्यार उंबऱ्याबाहेरच राहिली. राजानं बरोबर नेला तो बहिणीनं दिलेला एक चुरगळलेला, ओला दोरा. कहाणी सुटली, दोरा जपून ठेवावा.