फणसाचा ओंडका

शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा. खोत आळी आणि बंदर आळी यांच्या मधलं कबड्डीचं मैदान. प्रेक्षक पांगलेले.

"मास्तर, एवढंच सांगा, मी फितूर आहे का?"

भिकाजी मास्तर चुन्याची पुसट झालेली रेघ बघत होते. दोन्ही आळ्यांच्या तीन पिढ्यांना चढाई त्यांनीच शिकवली होती.

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणत नाही ते विचारा."

प्रल्हाद मयेकर सात वर्षं खोत आळीकडून खेळला. जिल्ह्यात आपल्यासारखा चढाईपटू नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरंही होतं. मग गुडघा दुखावला. समितीनं बैठक घेतली, चहा घेतला आणि सात वर्षांचा गडी तीन मिनिटांत निकालात काढला. त्याला कळवायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. यादीत नाव नव्हतं, तेव्हा त्याला कळलं.

गुडघा बरा झाल्यावर बंदर आळीनं बोलावलं. तो गेला.

आज प्रथमच तो जुन्या संघासमोर उतरला होता. तिसऱ्या चढाईत त्याची पकड झाली. पंचांनी हात वर केला. प्रल्हाद अंगावरची माती झटकत उठला, आणि सात वर्षांच्या सवयीनं चालत जाऊन खोत आळीच्या बाद गड्यांशेजारी बसला.

सगळं मैदान हसलं.

"हसले ते हसले," तो म्हणाला. "पण आमचा कप्तान, केशव तांडेल, सगळ्यांदेखत म्हणाला, 'पाव्हणे, घर विसरलात काय?' आणि हे खोत आळीवाले! 'ये, ये, तुझी जागा राखून ठेवलीय,' म्हणे. उद्या पुन्हा यांच्याशीच अंतिम सामना. केशवला आज आठ वाजेपर्यंत उत्तर हवंय, मी उतरणार की नाही."

"मग?"

"नाही म्हणणार आहे. माझ्यावर जे आलं, ते या मैदानात कुणावर आलेलं नाही, मास्तर."

"कुणावरच नाही?"

"कुणावरच नाही."



मास्तरांनी काठीनं खोत आळीच्या टोकाकडे दाखवलं. बाद गडी बसतात तो फणसाचा ओंडका तिथं होता. तसाच दुसरा इथं, बंदर आळीच्या टोकाला.

"तो इकडे आण."

"आत्ता?"

"गुडघा दुखतोय?"

प्रल्हादनं दात आवळले. ओंडका लोळवत, ढकलत, शिव्या गिळत त्यानं मैदान पार केलं.

"या दुसऱ्याला लाव. कापलेली बाजू कापलेल्या बाजूला. अंहं, उलटा कर... हां."

साल जुळली. आतली वर्तुळं जुळली.

प्रल्हाद वाकला. जोडाच्या दोन्ही अंगांना चाकूनं कोरलेली अक्षरं होती. या ओंडक्यावर तो सात वर्षं बसला होता. त्याला वाटायचं, पोरांनी काहीतरी खरवडलंय. आता अर्ध्या नावांना उरलेली अर्धी मिळाली होती. मधलं एखादं अक्षर करवतीनं खाल्लं होतं, तरी वाचता येत होतं.

"धोंडू पाटकर... विश्राम खोत... लाडू तांडेल..." तो थांबला. "हा केशवचा आजा ना?"

"पाच वर्षं बंदर आळी, चार वर्षं खोत आळी. दोन्हीकडून शिव्या. चढाई मात्र बघण्यासारखी."

"हे सगळे दोन्हीकडून खेळले?"

"सातही जण. जो दोन्हीकडून खेळेल, त्यानं मधोमध नाव कोरायचं, अशी रीत होती. तेव्हा ओंडका एकच होता. बाद झालेले सगळे त्याच्यावरच बसायचे."

"तुमचं नाव नाही?"

"मला पलीकडून कुणी बोलावलंच नाही रे. तेवढा बरा नव्हतो मी."

 प्रल्हादला हसू फुटलं. तो मातीतच फतकल मारून बसला. सातव्या नावाखाली वीतभर जागा मोकळी होती. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मास्तर, उद्या बाद झालो तर बसू कुठं?"

"आधी बाद हो. मग बघू."

"केशवला सांगून येतो. येतोय म्हणून."

तो उठला. चार पावलं गेला आणि वळला.

"पण हा कापला कुणी?"

"चौतीस वर्षं झाली. खोत आळी म्हणते, बंदर आळीनं. बंदर आळी म्हणते, खोत आळीनं."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी कापावर तळहात ठेवला.

"एवढा ओंडका एकट्याच्यानं कापला जात नाही, प्रल्हाद. करवतीचं दुसरं टोक पलीकडच्या आळीतल्या कुणीतरी धरलं होतं."