जोड्यांनी वाटलेले आकडे

महाराजांनी मागवली जिलबी आणि चांदीच्या ताटात आला तोफेचा गोळा!

"हे काय?" तांबुळगडचे राजे रणधुरंधर गरजले.

"महाराज, आपला निरोप होता, 'गोल, गरमागरम, चटकन पाठवा!'" केरबा चाचरत म्हणाला. कचेरीतले संगणक तोच सांभाळायचा. "निरोप सातव्या संगणकाला गेला. पण सातवे दोन झालेत. एक मुदपाकखान्यात, दुसरा तोफखान्यात."

एका तारेत गुंफलेल्या संगणकांत प्रत्येकाचा आकडा वेगळा लागतो. त्यावरूनच निरोपाला घर सापडतं. तांबुळगडात हे आकडे महाराज स्वतः देत. नवा संगणक आला की त्याचं रीतसर बारसं व्हायचं. महाराज वाकून त्याच्या कानाशी "कुर्रर्र!" करत आणि आकडा सांगत. संगणकाला कान कुठे असतो, हे मात्र कुणी विचारत नसे.

"सात आकडा दोनदा दिला कुणी?" महाराजांनी विचारलं.

सगळा दरबार छताकडे पाहू लागला.

केरबाने धीर केला. "महाराज, माझ्याकडे एक पेटी आहे. संगणक सुरू झाला की तिच्याकडे आकडा मागतो आणि ती मोकळा असेल तो देते. कुणी लक्षात ठेवायला नको."

"म्हणजे राजा मी, की ती पेटी? ऐक! दिवेलागणीच्या आत प्रत्येकाला वेगळा आकडा मिळाला पाहिजे. पण तो राजाच्याच हुकमानं! आणि मी आता झोपणार, मला उठवायचं नाही. जमलं नाही, तर गड सोडायचा!"

केरबा महालाच्या दाराशी डोकं धरून बसला. त्याची बहीण सगुणा तिथेच लोकांचे जोडे सांभाळायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, पेटी चालते ना नीट?"

"चालते गं! पण हुकूम राजाचा हवा आणि राजा घोरतोय!"

"घोरू दे. त्यांचे जोडे आहेत की माझ्याकडे! ऊठ, पेटी जोड."

दिवेलागणीला महाराज उठले. दाराशी येऊन पाहतात तर कोनाडा रिकामा!

"सगुणे, माझे जोडे कुठं गेले?"

"कचेरीत राज्य करताहेत, महाराज!"

महाराज अनवाणीच कचेरीत धावले. लाल गादीवर केरबाची पेटी, पेटीवर महाराजांचे जरीचे जोडे! समोर संगणक एकेक करून सुरू होत होते, प्रत्येकाला वेगळा आकडा मिळत होता.

"माझ्या परवानगीशिवाय?" महाराज ओरडले.

"भरतानं रामाचे जोडे गादीवर ठेवून राज्य केलं," मागोमाग आलेली सगुणा म्हणाली. "तेव्हा हुकूम कुणाचा होता महाराज, भरताचा की रामाचा?"

महाराजांनी दुसरी शंका काढली, "पाहुणे संगणक घेऊन येत राहिले, तर आकडे संपतील!"

"दाराशी मी बिल्ले देते, ते कुठं संपतात? पाहुणा जोडे घेऊन गेला की बिल्ला परत येतो, तोच पुढच्याला. पेटीही तसंच करते."

"आणि माझा स्वतःचा संगणक? त्याला रोज नवा आकडा?"

"आपल्या जोड्यांना मी कधी बिल्ला दिलाय? त्यांचा कोनाडा ठरलेला. आपल्या संगणकाचा आकडाही पेटीत राखून ठेवलाय. एक!"

महाराजांच्या मिशा जराशा हलल्या. त्यांनी आपल्या संगणकावरून मुदपाकखान्याच्या नव्या आकड्यावर पुन्हा तोच निरोप धाडला. थोड्याच वेळात आचारी ताट घेऊन आला. ताटात जिलबी! अजून वाफ निघत होती.

"ते ठीक," एक तुकडा तोंडात टाकत महाराज म्हणाले, "पण जोडे पेटीवर, मग मी काय अनवाणी फिरू?"

"राम चौदा वर्षं वनात फिरला, महाराज! आपल्याला तर मुदपाकखान्यापर्यंतच जायचंय!"

महाराज इतके हसले, इतके हसले की जिलबीचा पाक मिशांना लागला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं, उरलेली जिलबी केरबाला दिली आणि अनवाणीच मुदपाकखान्याकडे निघाले.