युवराजांचा पाळणा

सोनगिरीच्या थोरल्या राणीसाहेबांचा नुसता जळफळाट होत होता. धाकट्या राणीचं तान्हं बाळ अंगठा चोखायला लागलं, की सारा राजवाडा कौतुकानं गोळा होई. थोरल्या राणीसाहेबांचा स्वतःचा सात वर्षांचा युवराज अंगठा चोखी, तेव्हा मात्र दासी तोंडाला पदर लावत. त्यात राजवैद्य धुंडिराजशास्त्री स्पष्टच म्हणाले, "ही सवय मोडा. युवराजांचे पुढचे दात बाहेर यायला लागलेत."

"मग त्या बाळाला का नाही अडवत?" राणीसाहेब कडाडल्या.

"त्याला अजून दातच नाहीत."

"सबबी नकोत! दोघांना एकच नियम लावा, नाहीतर राज्य सोडा."

"जशी आज्ञा," शास्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी युवराजांच्या महालात भला मोठा पाळणा टांगला गेला. कुंची आली, दुपटं आलं, कडू बाळगुटी उगाळून आली. दासी अंगाई म्हणत युवराजांना कुंची बांधू लागल्या.

राणीसाहेब धावत आल्या. "हा काय चावटपणा?"

"एकच नियम, राणीसाहेब," पाळण्याशेजारी उभे असलेले शास्त्री म्हणाले. " अंगठा चोखणाऱ्या बाळाला जे जे मिळतं, ते सगळं युवराजांनाही. कशातही कमी केलेलं नाही."

तेवढ्यात युवराजांनी तोंडातला अंगठा काढला आणि कुंची भिरकावली.

"ही त्या बाळालाच द्या, अंगठाही त्यालाच चोखू दे! माझा घोडा आणा."